माळवदावरची अँटेना

दसरा उलटला की सोलापूरची हवा एकाएकी थांबते. पाऊस निघून गेलेला असतो, थंडीला दिवाळी उजाडावी लागते, आणि मधले हे पंधरा-वीस दिवस कुणाचेच नसतात. दुपारचं ऊन चांगलंच चटके देतं. संध्याकाळी लिंबाचं पान हलत नाही. बाजारात सीताफळांचे ढीग लागतात आणि आमच्या विणकरांच्या पेठेतल्या बोळांतून सुताच्या खळीचा, रंगाचा तो जुना वास अजून कुठं कुठं येतो. शहाणी माणसं याला ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतात. मी शाळेत पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, तेव्हा मीही तसंच म्हणायला हवं. पण माझ्या मनात या दिवसांचं नाव वेगळं आहे. मी यांना चित्राचे दिवस म्हणतो.

परवा नात टीव्हीवर काहीतरी बघत बसली होती. एकदम पडदा निळा झाला आणि सिग्नल नाही अशी पाटी आली. ‘आजोबा, गेलं!’ म्हणून ती ओरडली. मुलानं मागची एक वायर काढून परत लावली, मोबाइलवर कुणाशी तरी बोलला, आणि दोन मिनिटांत चित्र जागेवर आलं. त्या दोन मिनिटांत मी काय केलं? खुर्चीतून उठलो आणि जिन्यापाशी जाऊन उभा राहिलो. ‘बाबा, कुठं निघालात?’ मुलानं विचारलं. ‘कुठं नाही, पाय मोकळे करतोय,’ मी म्हटलं. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस चित्र आणायला गच्चीवर निघाला होता, हे त्याला काय सांगणार? आणि वर जाऊन ओरडलो असतो, तरी खालून उत्तर द्यायला शांता नाही. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही साखर पेठेत भाड्यानं राहत होतो. दोन खोल्या, वर माळवद. सोलापूरबाहेरच्या लोकांना सांगायला हवं, माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर. त्याला मधे उजेडासाठी एक भोक ठेवलेलं असतं. आमच्याही छताला होतं, पाऊस आला की त्यावर पत्रा ओढायचा. भिंतीपलीकडं नरसय्याची शेड होती आणि तिच्यात चार माग दिवसभर खडखडत असायचे. त्या आवाजाची इतकी सवय, की वीज गेली आणि माग थांबले, की पाळण्यातलं पोर दचकून उठायचं.

अशा घरात मी टीव्ही आणला. पुण्याहून बदलून आलेल्या एका साहेबांचा तो होता. लाकडी खोका, पुढं सरकती दारं, खाली चार पाय. सोलापुरात तेव्हा कुठलंच चित्र पोचत नव्हतं, म्हणून साहेबांच्या घरी त्याच्यावर फुलदाणी ठेवलेली असायची. त्यांची पुन्हा बदली झाली, तेव्हा त्यांनी तो मला स्वस्तात देऊन टाकला. गल्लीतले लोक बघायला आले. नरसय्या म्हणाला, ‘मास्तर, कपाट लई झ्याक हाय, पण कपडे कुटं ठेवायचे वो ह्यात?’

मी मात्र निश्चिंत होतो. गुलबर्ग्याला टीव्ही सुरू झाल्याची बातमी आली होती. गुलबर्गा आमच्यापासून काही फार लांब नाही. उंच पाइप उभारला, आडव्या नळ्या नीट मापात लावल्या, तर पलीकडच्या राज्यातलं चित्रही ओढून आणता येईल, असा माझा हिशेब. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गफूरभाईंना गाठलं. त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या कापून अँटेना करून दिली. माळवदाला भोक पाडायचं नाही, अशी घरमालकाची ताकीद होती, म्हणून पाइप कठड्याला सुंभानं आवळून बांधला. त्यामुळं तो फार उंच ठेवता आला नाही, कठड्यावर चढलं की नळ्यांना हात पोचायचा. तोंड केलं पूर्वेला, किंचित दक्षिणेकडं. त्या रेषेत अक्कलकोट येतं, त्याच्या पुढं मैंदर्गी, आणखी पुढं आळंद आणि मग गुलबर्गा. मैंदर्गी शांताचं माहेर. आळंदजवळच्या एका खेड्यात तिची थोरली बहीण दिलेली, जिला ती अक्का म्हणायची.

मला क्रिकेट बघायचं होतं. लागलं काय, तर भुईमुगावरची कीड, आणि तीही कन्नडमधून. ठिपक्या-ठिपक्यांच्या धुरळ्यात एक बाई सुपानं काही पाखडत बोलत होती. मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात पिठाचे हात तसेच घेऊन शांता आतून आली आणि उंबऱ्यातच थबकली. उभ्या उभ्या ऐकत राहिली. तव्यावर भाकरी करपली. वास मला आला, तिला आला नाही.

मैंदर्गी आहे महाराष्ट्रातच, पण घराघरांत बोलतात कन्नड. लग्न होऊन आली तेव्हा शांताला मराठी कळायचं, बोलताना मात्र अडखळायची. मीच तिला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, ‘इथून पुढं घरात मराठीच बोलायचं. मास्तरची बायको आहेस, पोरं हसतील.’ ती हं म्हणाली आणि शिकली. आमच्या दोन्ही मुलांना तिनं अंगाईसुद्धा मराठीतून म्हटली. तिची भाषा उरली होती ती दारावर येणाऱ्या एका भाजीवालीपुरती. तिच्याशी चार वाक्यं बोलून, मेथीची जुडी घेऊन घरात यायची, तेव्हा तिचा चेहरा वेगळाच दिसायचा. तो मी रोज बघत होतो आणि त्याचा अर्थ लावायची तसदी घेत नव्हतो. कळत होतं, पण वळत नव्हतं, म्हणतात ना, तसंच.

त्या संध्याकाळनंतर टीव्ही तिचा झाला. दिवेलागण झाली की ती दारं सरकवायची. चित्र काही धड नसायचं. कधी माणसं वर वर सरकत जायची, कधी तिरपी व्हायची, नरसय्याचे माग जोरात असले की आडव्या रेघांचं गोणपाट पडद्यावर पसरायचं. मग मी माळवदावर, ती खाली, आणि मधे ते छताचं भोक. मी पाइप फिरवायचा आणि ओरडायचं, ‘आलं का?’ ती खालून सांगायची, ‘आलं... गेलं!’ आणि घाईत तिच्या तोंडून कन्नडच निसटायचं. आलं म्हणजे ‘बंतु’, गेलं म्हणजे ‘होतु’. ‘बंतु, बंतु, थांबा! होतु!’ आठवड्याभरात गल्लीतली पोरं विटी-दांडूत बंतु-होतु करायला लागली. घरात मराठीच बोलायचं हा माझाच नियम, आणि मीच वरून तिच्या कन्नडची वाट बघत उभा असायचो!

आता इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. अक्का आणि शांता यांची तोवर चार वर्षं भेट नव्हती. कारण मी.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न सोलापुरात झालं. अक्का आणि तिचा नवरा शिवप्पा आळंदहून आले होते. शिवप्पा माझा साडू. साडूची थट्टा करायची नाही तर कुणाची? पंगत बसली होती. मी बुंदीचे लाडू घेऊन आग्रहाला निघालो आणि शिवप्पासमोर आलो. तो बिचारा मोडक्या मराठीत पुरे म्हणत होता. माझी जीभ कायमच जरा सैल. मी त्याचा हेल काढून, त्याचेच शब्द त्याच्याच चालीत पंगतीला ऐकवले. सगळी पंगत हसली. मला आणखी चेव आला, मी पुन्हा केलं. शिवप्पानं हातातला घास पत्रावळीवर ठेवला, पाणी प्यायला आणि उठला. बायकांच्या पंगतीतून अक्का उठली. दोघं अर्ध्या जेवणावरून, हात धुऊन, मांडवाबाहेर गेले. शांता वाढता वाढता दारापर्यंत पळत गेली. अक्कानं तिचा गाल कुरवाळला आणि पायरी उतरली.

भरल्या पानावरून उठलेला माणूस आपल्याकडं सहजासहजी परत येत नाही. त्यानं यावं, असं वाटत असेल, तर ज्यानं उठवलं त्यानं दारात जाऊन हात जोडायचे असतात. मला हे माहीत होतं. जाऊ, जाऊ, म्हणत चार वर्षं गेली. शांतानं एकदाही विषय काढला नाही. तिनं भांडण केलं असतं तर मी कदाचित गेलोही असतो.

तर त्या वर्षीचा दसरा. खंडेनवमीला पेठेतले सगळे माग धुऊन-पुसून सजतात. नरसय्याच्या शेडमध्येही पूजा झाली, नारळ फुटला, मागांना झेंडूच्या माळा लागल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टीव्ही लावला, तर चित्र नाही. आवाज येत होता, लांब विहिरीतून आल्यासारखा, पण येत होता. पडद्यावर नुसती मुंग्यांची वारुळं. मी पाइप चारी दिशांना फिरवला. काही नाही.

मग माझ्यातला विज्ञान शिक्षक जागा झाला, आणि तो जागा झाला की घरातल्यांनी सावध राहावं. मी मागचा पुठ्ठा काढला. चॅनेलचं बटण जिथं फिरतं, तिथले संपर्क खोडरबरानं घासले, स्पिरिटनं पुसले. अँटेनाकडून येणारी चपटी वायर कठड्यापासून खालपर्यंत बोटांनी चाचपली. स्टॅबिलायझर बदलून बघितला. व्हॉल्व्ह काढून परत बसवले. चार दिवस झाले. शेवटी गफूरभाईंना घरी बोलावलं. त्यांनी सगळं तपासलं, चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘मास्तर, डब्बा एकदम बराबर है. अब इसको नक्को खोलो. खोलखोल के तुमीच इसको मार डालेंगे.’

त्याच दिवशी मैंदर्गीहून शांताच्या भावाचं कार्ड आलं. कन्नड अक्षरं मला येत नव्हती. शांतानं ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि भाकऱ्या थापायला बसली. माझं जेवण झाल्यावर म्हणाली, ‘टीव्हीवाले आळंदच्या बाजूला आल्ते म्हणं. बायकांची गाणी भरून घेतली. अक्का हाय त्यात. येत्या शुक्रवारी दाखवणार हायेत, सातच्या पुढं.’

‘मग बघू की!’ मी म्हटलं.

ती टीव्हीकडं बघत म्हणाली, ‘कशात?’

हातात तीन दिवस होते. मला वाटलं, आपल्या तोंडानं जे तुटलं, ते आपल्या हातानं थोडं तरी सांधता येईल. आळंदला जाऊन हात जोडण्यापेक्षा हे मला फार सोपं वाटत होतं. यंत्राची माफी मागावी लागत नाही. मी रजा टाकली आणि माळवदावर मुक्काम ठोकला.

गुरुवारी दुपारी उन्हात बसलो होतो. एक चिमणी अँटेनावरून काहीतरी ओढत होती. बघतो तर झेंडूची माळ. फुलं वाळून काळी पडलेली. अँटेनाच्या मधोमध, जिथं दोन नळ्यांची टोकं समोरासमोर येतात आणि वायर जोडलेली असते, बरोबर तिथं ती दोन-तीन वेढे घेऊन बांधली होती. बाजूला कुंकवाची दोन बोटंही होती. चिमणीनं ओढलेला दोरा उन्हात चमकला. मी कठड्यावर चढून हात लावला आणि जागीच बसलो. दोरा सुताचा नव्हता. जरतार होती. साड्यांच्या काठाची, तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. नळ्यांची दोन्ही टोकं जोडून त्या तारेनं सगळं चित्र वरच्या वर गिळून टाकलं होतं.

मी माळ हातात घेऊन खाली आलो आणि ओरडलो. ‘अगं, जरीत माळ ओवतात का कुणी? सहा दिवस मी मरमर मरतोय!’

शांता चुलीपाशी होती. म्हणाली, ‘नरसय्याअण्णांच्या मागाला तसलीच घालत्यात की. मी म्हटलं, चांगल्या धाग्यात ओवावी. ह्येच्यातनं माझं माहेर येतंय.’

साऱ्या भारतात अँटेनाची खंडेनवमी करणारी माझी एकटीच बायको असेल. मला हसू आलं. ती मात्र हसली नाही. ‘माझ्यामुळं बिघडलं व्हय?’ एवढंच तिनं विचारलं, आणि मी लाज सोडून ‘हो’ म्हणालो. त्या संध्याकाळी चित्र आलं. अगदी लख्ख. बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातल्या कुड्या दिसल्या. शांतानं त्या कुड्यांकडं बोट दाखवलं आणि उद्याची तयारी असल्यासारखा पदर सारखा केला.

शुक्रवारी सकाळपासून वारं सुटलं. परतीचा पाऊस कुठंतरी रेंगाळत होता, त्याचे ढग पूर्वेला जमले. लांबचं चित्र यायला हवा थांबलेली लागते, खाली गार आणि वर उबदार थर लागतो, हे मी पोरांना फळ्यावर काढून दाखवायचो. हवा हलली की संपलं. त्या दिवशी मी आभाळाकडं बघून ज्या शिव्या दिल्या, त्या शिक्षकाला शोभणाऱ्या नव्हत्या.

शांतानं सहा वाजताच स्वैपाक आटोपला, वेणी घातली, लग्नातलं इरकल नेसली. मी म्हटलं, ‘अगं, तू तिला बघणार, ती तुला नाही!’ ती म्हणाली, ‘व्हय, ठावं हाय की मला.’ आणि पाटावर बसली. मी नरसय्याकडं गेलो. काही सांगायच्या आधीच त्यानं खटका खाली ओढला आणि चारी माग थांबवले. ‘वहिनीची भैन येनार म्हनं. होऊ द्या,’ म्हणाला. पेठ एकदम इतकी शांत झाली, की चौकातल्या टांग्याच्या घोड्याचं फुरफुरणं माझ्या कानावर आलं.

सात वाजले. मी वर. छताच्या भोकातून मला पडदा दिसत नव्हता. शांताचा भांग आणि त्यावर थरथरणारा निळसर उजेड, तेवढंच दिसत होतं. कन्नडमधून कुणीतरी काही सांगितलं, मग टाळ वाजला, आणि बायकांचं गाणं सुरू झालं.

‘आलं का?’

‘गेलं.’

मी पाइप डावीकडं ढकलला. ‘आता?’

‘होतु.’

उजवीकडं. ‘आता?’

उत्तर नाही. गाण्याचं एक कडवं संपलं. मी कठड्यावर चढलो आणि दोन्ही हातांनी अँटेनाच्या नळ्याच धरल्या. कधी कधी माणसानं हात लावला की चित्र येतं, सोडला की जातं, हा अनुभव त्या काळी टीव्हीवाल्या प्रत्येक घराला होता. माझं अंगच त्या वायरीचा तुकडा झालं होतं. ‘आता?’

‘बंतु!’ शांता ओरडली. ‘बंतु, बंतु! सोडू नका!’

मी सोडलं नाही. वारं मला ढकलत होतं. कठडा मातीचा, पायाखाली भुगा होत होता. दोन्ही हात वर करून, पूर्वेकडं पाठ करून मी उभा, आणि खालून गाणं येत होतं. कांडताना, दळताना म्हणतात तशा संथ चालीचं. त्यातला अक्काचा आवाज कुठला, मला काय कळणार? पण एका क्षणी त्यात आणखी एक आवाज मिसळला, जवळचा. शांता गात होती. आधी पुटपुटल्यासारखी, मग मोकळ्या गळ्यानं. आठ वर्षांच्या संसारात मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता. माझ्या घरात तो होता आणि मला माहीत नव्हतं. दंडाला रग लागली, बोटं बधिर झाली, तरी मला वाटत होतं, हे संपू नये.

संपल्यावर तिनं हाक मारली नाही. तांब्याभर पाणी घेऊन स्वतःच वर आली. ‘सोडा आता,’ म्हणाली. माझी बोटं उघडेनात, ती तिनं एकेक करून सोडवली. तिचे डोळे ओले होते.

‘दिसली का अक्का?’

‘दिसली की.’

‘कशी आहे?’

‘चांगली हाय.’

त्या रात्री मी तृप्त होऊन झोपलो. आणि खरं सांगतो, माझ्या लेखी तो प्रश्न तिथंच सुटला. चूक केली होती, ती अशी भरून काढली. त्यानंतर ही गोष्ट मी किती ठिकाणी सांगितली असेल! शिक्षकांच्या खोलीत, लग्नाकार्यात, घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला. ‘आम्ही काय केलं, माहीत आहे? दोन्ही हातांनी अँटेना धरून बायकोला तिची बहीण दाखवली!’ चहा घेऊन आलेल्या शांताकडं पाहुणे कौतुकानं बघायचे, विचारायचे, ‘खरंच का हो वहिनी?’ ती दर वेळी हसून म्हणायची, ‘व्हय की.’

आळंदला जायचं राहिलंच. आधी सहामाहीचे पेपर, मग संक्रांतीची गड्ड्याची जत्रा, मग पोरांच्या परीक्षा, मग पाऊस. पुढं सोलापुरातच चांगलं चित्र दिसायला लागलं आणि पाइप उतरवला. नरसय्यानं तो मागून नेला, त्यावर सुताच्या लडी वाळत घातल्या. सात वर्षं अशी गेली.

मग मैंदर्गीला शांताची आई फार आजारी पडली, म्हणून आम्ही धावलो. ओसरीवर शिवप्पा बसला होता. दुपारी पानं मांडली, तेव्हा मी कुणाला न विचारता भाकऱ्यांची टोपली उचलली आणि त्याच्यापुढं वाकलो. ‘शिवप्पा, तेव्हा चुकलं माझं. वाढू का?’ त्यानं माझ्याकडं बघितलं. केस पिकले होते त्याचे. ‘वाढा की,’ म्हणाला. मी वाढली, तो जेवला. अकरा वर्षं जे टाळलं, ते एवढ्याशा वेळात झालं.

आत दोघी बहिणी एकमेकींना धरून बसल्या होत्या. मी दारात गेलो, तेव्हा अक्का नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीला पुढं ढकलत होती. तोवर मला कन्नड बऱ्यापैकी समजायला लागलं होतं. अक्का म्हणत होती, ‘हीच ती. टीव्हीत माझ्या मांडीवर होती बघ. सोलापुरात दिसतं असं ते लोक म्हणाले, म्हणून तर मी गेले. तुला ही दिसावी म्हणून मुद्दाम हिला पुढं घेऊन बसले होते. बघितलीस ना तेव्हा?’

शांतानं त्या पोरीचा चेहरा ओंजळीत धरला. खूप वेळ बघत राहिली. मग होकाराची मान हलवून बहिणीला म्हणाली, ‘हौदु, बघितली.’

परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी बसली होती. दोन्ही बाजूंना ज्वारी नुकती वर आलेली. अक्कलकोट मागं पडल्यावर ती बाहेर बघतच म्हणाली, ‘अवो, त्या दिवशी चित्र आलंच न्हवतं.’

मला आधी समजलंच नाही. ‘कुठल्या दिवशी?’

‘तुमी पाइप धरून हुबे होता, त्या दिवशी. नुस्त्या मुंग्या होत्या. आवाज तेवढा येत होता.’

‘मग तू बंतु म्हणून का ओरडलीस?’

‘न्हायतर तुमी आनखी फिरवला असता. फिरवता फिरवता आवाजबी गेला असता. अक्काचा आवाज होता त्यो.’

सात वर्षं मी मिरवलेली ती गोष्ट, आणि तिचं ते ‘व्हय की’, सगळं डोळ्यांपुढून गेलं. ज्या जोरावर मी शिवप्पाच्या दारात गेलो नाही, ते मुळात घडलंच नव्हतं. ती पोरगी मांडीवर बसायच्या वयाची असताना मावशीनं तिला बघितलं नव्हतं, आणि आता ती परकराला हात पुसत भांडी उचलत होती. शेवटी मी म्हटलं, ‘मला खरं सांगायचं होतंस. काहीतरी केलं असतं मी. आणखी उंच पाइप आणला असता.’

शांता माझ्याकडं वळली. चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या पोराला समजावून सांगावं, तसं ती म्हणाली, ‘मला पेटीत कशाला पायजे होती अक्का? आळंदची गाडी रोज सकाळी होती की.’

त्यानंतर आम्ही दर वर्षी दसरा झाला की आळंदला जात राहिलो. ती गेल्यावर मी एकटा जातो. अक्का आता थकली आहे, तिला नीट दिसत नाही, माझा आवाज ओळखते आणि भाकरी वाढायला सांगते. यंदाही जाणार आहे, मुलगा नको म्हणत असला तरी. खिडकीची जागा मिळाली, तरी मी तिथं बसत नाही. ती मोकळी ठेवून अलीकडं बसतो. पुढच्या थांब्याला कुणीतरी येतं आणि ‘बाबा, जरा सरका की आत,’ म्हणतं.